बाबा 81 वर्षांचे, दादा म्हणतो गिफ्ट डीड करून टाकूया. गोव्यात काय करणे योग्य?

म्हार्दोळची_लेक

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातली, म्हार्दोळजवळच्या एका वाड्यावरची. लग्नानंतर 22 वर्षे पुण्यात आहे. आमच्या घरात बोलणे कोंकणीत, लिहिणे-वाचणे मराठीत, म्हणून इथे विचारते.

बाबा 81 वर्षांचे, निवृत्त शिक्षक. आई 76 वर्षांची. दोघांचे लग्न 1971 साली गोव्यातच झाले. आम्ही तिघे भावंडे. दादा-वहिनी घरीच असतात, कुळागर दादाच बघतो. धाकटी बहीण वास्कोला. मालमत्ता म्हणजे राहते घर, त्यामागचे सुपारी-नारळाचे कुळागर आणि बाबांनी 1994 मध्ये घेतलेला ठाण्याचा एक छोटा फ्लॅट, तो भाड्याने दिलेला आहे. कुळागर बाबांना त्यांच्या वडिलांकडून आले. घर दोघांनी मिळून वाढवले.

गेल्या दिवाळीपासून बाबा विसरायला लागलेत. मध्यंतरी मी घरी असताना सकाळी स्वतः जाऊन पाटाचे पाणी पोफळींना सोडून आले. पाय चिखलाने भरलेले, आणि अंगणात उभे राहून मलाच विचारतात, "आज पाणी कोणी सोडले गं?" डॉक्टर म्हणाले ही सुरुवात आहे. अजून माणसे, पैसे, व्यवहार सगळे कळते, पण दिवस दिवस सारखे नसतात.

गणेश चवथीला आम्ही सगळे जमलो होतो. माटोळीखाली पाट मांडून बसलो असताना दादाने विषय काढला. बाबांची बुद्धी शाबूत आहे तोवर घर आणि कुळागर गिफ्ट डीड करून त्याच्या नावावर करावे, नंतर कोर्टकचेरी नको. तो वाईट माणूस नाही हे मला आधी सांगू द्या. बाबांना आंघोळ तो घालतो, रात्री दोनदा उठून तो बघतो. मी पुण्यातून फोन करते, एवढेच. मला वाटा हवाच असा हट्ट नाही. पण आई तेव्हा काही न बोलता आत निघून गेली, ते मला खटकले आहे.

बाबा एकट्याने सही करून सगळे दादाला देऊ शकतात का? मृत्युपत्र बरे की गिफ्ट? आणि आईचे काय?

सदाशिव_पेठ_411030

ताई, कुठेही सही करू नका. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना 2005 च्या दुरुस्तीपासून जन्मतःच मुलाइतका हक्क आहे. कुळागर वडिलोपार्जित म्हणजे त्यात तुमचा वाटा आत्ताच आहे. बाबा ते गिफ्ट करूच शकत नाहीत. आणि घर स्वकष्टार्जित असेल तर ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात, तिथे आईलाही काही म्हणता येणार नाही. आमच्या घरी हेच झाले.

डिचोलीचा_कारकून

वरच्या सद्गृहस्थांनी आपुलकीने लिहिले आहे आणि महाराष्ट्रापुरते ते बरेचसे ठीक असेल. पण बाय, तुझ्या घराला तो कायदा लागू नाही. मी डिचोलीत एका वकिलांच्या कार्यालयात 31 वर्षे दस्त लिहिले. पुण्या-मुंबईच्या सल्ल्यावर विसंबून आलेली घरे किती पाहिली त्याची मोजदाद नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गोव्यात हिंदू वारसा कायदा चालत नाही. इथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली पद्धत आहे. 1961 नंतरही ती तशीच ठेवली गेली, आणि वारशापुरता आता 2012 चा गोवा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायदा आहे. तो प्रत्यक्षात डिसेंबर 2016 पासून लागू झाला. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांना एकच.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो, कारण तोच खरा प्रश्न आहे. आई अर्ध्याची मालकीण आहे. आजच आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते. बाबांना त्यांच्या वडिलांकडून आलेले कुळागरसुद्धा त्यात येते. घर कोणाच्या पगारातून बांधले, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कोणाचे नाव आहे, याने त्यात फरक पडत नाही. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी बायकांना हे साठी-सत्तरीत पहिल्यांदा कळले. एका आजींनी मला तीनदा विचारले होते, "म्हजें? अर्दें म्हजें?" तेव्हा बाबांनी एकट्याने सही केली तर तो दस्त उभाच राहत नाही. आईची संमती लागते, आणि ती समजून दिलेली हवी.

दुसरे, उरलेला बाबांचा अर्धासुद्धा त्यांना सगळाच्या सगळा एकाला देता येत नाही. त्याचा अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो, मुलगा-मुलगी सारखेच. फक्त उरलेला मोकळा. आकड्यांत सांगतो म्हणजे डोक्यात बसेल. समज, सगळे मिळून 60 लाखांचे आहे. 30 लाख आईचे. बाबांच्या 30 पैकी 15 लाख राखीव, ते तुम्हा तिघांना पाच-पाच. 15 लाख मोकळे, ते बाबा दादाला देवोत, आईला देवोत, देवळाला देवोत. म्हणजे बाबांनी मोकळे सगळे दादाला दिले तरी त्याला 20 मिळतात, तुम्हा बहिणींना पाच-पाच, आणि आईचे 30 आईकडेच. आईनेही आपल्या भागाचे तसेच मृत्युपत्र केले तर दोघांचा मिळून एकंदर अर्धा भाग ज्याने घर सांभाळले त्याला देता येतो. दादाच्या कष्टांचे चीज करायला एवढी जागा कायद्याने ठेवलेली आहे.

गिफ्ट करून राखीव हिस्सा ओलांडला तर आज कोणी बोलणार नाही. पण बाबांच्या पश्चात इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वाटणी, निघाली की ते गिफ्ट हिशेबात धरतात आणि जास्तीचे कापतात. मग दादाला वाटेल बहिणींनी फसवले आणि बहिणींना वाटेल दादाने.

जन्मतःच वाटा असेही इथे नाही. मुलांचा हक्क आईबाबांच्या मरणानंतर उघडतो. त्यामुळे तू आज "माझा वाटा" म्हणून काही मागू शकत नाहीस. पण उद्याचा तुझा राखीव वाटा कोणी सहज बुडवूही शकत नाही.

ठाण्याच्या फ्लॅटचेही सांगतो. लोक समजतात तो महाराष्ट्रात म्हणजे तिथला कायदा. सर्वोच्च न्यायालयाने 13 सप्टेंबर 2019 च्या निकालात सांगितले की गोव्याचा रहिवास असलेल्या माणसाची भारतात गोव्याबाहेर असलेली मिळकतही याच पद्धतीने वाटली जाते. तोही यादीत धरा.

आता इन्व्हेंटरी म्हणजे काय ते माझ्याच घरातून सांगतो. आमचे वडील 1998 मध्ये गेले, मृत्युपत्र नव्हते. दिवाणी कोर्टात सगळी मालमत्ता मांडली गेली आणि वारसांमध्ये आपसात बोली लागली. घर कोणाला, शेत कोणाला, ते बोलीवर. माझा थोरला भाऊ त्या घरात जन्मभर राहिला, आईवडिलांचे त्यानेच केले. मधला आखातात होता, त्याच्याकडे पैसा होता. त्याने बोली वाढवली आणि घर त्याचे झाले. कायद्यात काहीच चुकले नाही. थोरल्याच्या हाती त्याच्या वाट्याची रक्कम आली आणि 58 व्या वर्षी तो भाड्याच्या खोलीत गेला. तुळशीवृंदावनावर त्याने स्वतः लावलेली फरशी होती, ती हाताने चाचपून मग बाहेर पडला. मी दुसऱ्यांची कागदपत्रे लिहीत होतो आणि आपल्या वडिलांना एक शब्द विचारला नव्हता. म्हणून तुझ्या दादाची भीती मला खोटी वाटत नाही. त्याला घर हातचे जाण्याची भीती आहे, आणि त्याला उत्तर मृत्युपत्रात आहे.

मृत्युपत्र घरी वहीच्या पानावर लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, एवढ्यावर गोव्यात भागत नाही. ते विशेष नोटरीपुढे व्हावे लागते, म्हणजे आपले सब-रजिस्ट्रार. त्यांच्या पुस्तकात ते लिहिले जाते, साक्षीदारांसमोर वाचून दाखवतात, मग सही. बाबांचे वेगळे, आईचे वेगळे करा. बाबांनी आपला मोकळा हिस्सा घराच्या रूपाने दादाला द्यावा, आणि आईला हयातभर तिथे राहण्याचा व कुळागराच्या उत्पन्नाचा हक्क राहील असे त्यातच घालावे.

कुळागरात मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत राहणाऱ्याचे, घर असेल तर तेही वकिलाला आधीच सांगा. 1975 च्या मुंडकार कायद्याने त्या घराला संरक्षण आहे, नंतर ते मध्ये येते.

मडगावचे_माहेर

कारकून काकांनी कायदा सांगितला. मी गिफ्ट डीड झाल्यानंतरचे सांगते.

माझ्या आईने 2014 मध्ये, बाबा गेल्यावर, आपला फ्लॅट भावाला गिफ्ट केला. आम्ही बहिणींनी हसत सह्या केल्या. पहिले वर्ष बरे गेले. मग आईचे कपाट मागच्या बाल्कनीत गेले. मग देवघर गेले, कारण तिथे नातवाचे टेबल हवे होते. एकदा मी न सांगता गेले तेव्हा आई जिन्याच्या पायरीवर बसली होती. दार लावून सगळे बाहेर गेले होते आणि चावी तिच्याकडे नव्हती. मांडीवर पिशवी, पिशवीत नासलेले दूध. तिने भावाबद्दल एक शब्दही वाईट काढला नाही. "चावी मीच मागितली नाही," एवढेच म्हणाली.

2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. त्याच्या 23 व्या कलमात असे आहे की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर तो दस्त रद्द करून मागता येतो. आम्ही उपजिल्हाधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात गेलो. तिथे पहिला प्रश्न आला: दस्तात अट कुठे आहे? आमच्या दस्तात "प्रेम व जिव्हाळ्यापोटी" एवढेच होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये अट असायला हवी यावर भर दिला. जानेवारी 2025 च्या निकालात हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असे म्हटले. पण तुम्ही निकालांवर भरवसा ठेवून कशाला बसता? अट स्पष्ट लिहून घ्या. शेवटी आमचे आपसातच मिटले, आई आता माझ्याकडे आहे. पोटगीचा अर्जही करता आला असता, कायद्यात महिन्याला कमाल 10,000 रुपये आहेत. आई तयार झाली नाही. मुलाकडून कागदावर पैसे घ्यायचे हे तिला सहनच होईना.

गिफ्टच करायचे ठरले तर दोन गोष्टी त्यात घाला. सांभाळाची अट, आणि आईबाबांचा हयातभर उपभोगाचा हक्क. दस्त लिहिणारे त्याला युझुफ्रक्ट म्हणतात. मालकी मुलाकडे जाते, पण राहणे आणि उत्पन्न आईबाबांचे राहते. चांगल्या मुलालाही याचा राग येता कामा नये.

आणि कोणाला तातडीची मदत हवी असेल तर ज्येष्ठांसाठी 14567 हा क्रमांक आहे.

म्हार्दोळची_लेक

काका, ताई, तुमचे दोघांचे वाचून काल रात्री मी आईला फोन केला. दादा कुळागरात होता, बाबा झोपलेले. सरळ विचारले, "आई, तुला काय हवे?"

बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तुवें विचारलें म्हणून सांगता. आजून मेरेन कोणेंच विचारूंक नाशिल्लें." म्हणजे आजवर तिला कोणीच विचारले नव्हते. तिला घर दादालाच जावे असे वाटते. पण स्वयंपाकघर आणि विहिरीकडची खोली ती असेपर्यंत तिची. आणि धाकटीच्या नवऱ्याचे काम गेले आहे, तर ठाण्याच्या फ्लॅटमधून तिला थोडे जास्त मिळावे. हे सगळे तिच्या मनात पक्के होते! चवथीला ती आत का गेली तेही कळले. तिला वाटले आपल्याला सहीपुरते बोलावतील.

अर्धे तिचे आहे हे सांगितले तर म्हणाली, "खरें?" आणि मग मला कुळागरातल्या फणसाचे काहीतरी सांगत बसली.

दोन शंका राहिल्या. दादाकडे बाबांचे मुखत्यारपत्र आहे, बँकेसाठी केलेले. बाबांचा आजार वाढला तरी त्यावर काम चालेल असे तो धरून चालला आहे. आणि बाबांचे विस्मरण सुरू झालेले असताना मृत्युपत्र केले तर उद्या कोणी म्हणेल की त्यांना कळतच नव्हते. मग?

डिचोलीचा_कारकून

आईने सांगितले ते ऐकून बरे वाटले, बाय.

मुखत्यारपत्राबद्दल दादाला आजच सांग. देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्राची शक्ती संपते. नेमकी ज्या दिवसासाठी ते करून ठेवले त्याच दिवशी ते कामाचे राहत नाही, हे बहुतेकांना माहीत नसते. त्यानंतर बाबांच्या खात्याला हात लावायचा तर पालक नेमून घ्यायला पर्वरीला उच्च न्यायालयात जावे लागेल. म्हणून बँकेची खाती आत्ताच आईबरोबर संयुक्त करून घ्या, दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील त्याने चालवायची अशी. नॉमिनी लावा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे सगळ्यांना ठाऊक असू द्या. पैसे त्याच्या हातात पडतात, वाटे वारसांचेच असतात.

विस्मरणाची सुरुवात झाली म्हणून मृत्युपत्र करता येत नाही असे नाही. त्या दिवशी, त्या वेळी आपण काय करतो, कोणाला काय देतो हे माणसाला कळत असले पाहिजे. त्यांना बघणाऱ्या डॉक्टरांकडून त्याच दिवसाचा किंवा आदल्या दिवसाचा दाखला घ्या. आणि सब-रजिस्ट्रारकडे वेळ सकाळचीच मागा. अशी माणसे सकाळी चांगली असतात, दुपारनंतर थकतात. न्याहारी करून न्या, चष्मा आणि कानाचे यंत्र विसरू नका. मी एका म्हाताऱ्या शिक्षकांना चष्म्याविना आलेले पाहिले आहे. वाचता येईना तसे घाबरले, आणि घाबरल्यावर मुलाचे नावही आठवेना. त्या दिवशी त्यांना परत पाठवावे लागले. पुढच्या आठवड्यात चष्मा घालून आले आणि अधिकाऱ्यांनी विचारण्याआधी स्वतःच सर्वे नंबर सांगितला.

वाचून दाखवताना दादाने आणि तुम्ही बहिणींनी बाहेर बसावे. बाबांना एकट्याने बोलू द्या. साक्षीदार घरचे किंवा ज्यांना काही मिळणार आहे असे नकोत. बाबांचा एखादा जुना सहकारी शिक्षक बघा, त्याच्याशी ते मोकळेपणी बोलतील.

आणखी एक. घरात जुनी पत्र्याची ट्रंक असेल. त्यात पोर्तुगीज शिक्क्यांचे कागद असतील, मात्रीज (जुन्या महसुली नोंदी), नोंदणीचे उतारे, आजोबांच्या वाटपाचा दस्त. बाबांना आठवते आहे तोवर त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक कागद कशाचा ते विचारा आणि पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवा. बेवारस वाटणाऱ्या जुन्या जमिनी खोट्या कागदांवर लाटल्याची प्रकरणे इतकी निघाली की सरकारला 2022 मध्ये त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. ज्या घरात कागद ओळखणारे कोणी उरले नाही, ते घर आधी सापडते.

बांबोळी_परिचारिका

मालमत्तेचे बोलून झाले, पण एक गोष्ट राहिली म्हणून लिहिते. मी रुग्णालयात अतिदक्षता विभागात काम करते. बाबांना शेवटच्या आजारात यंत्रावर ठेवायचे की नाही, हे बाबांना अजून सांगता येते आहे. ते विचारून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशा इच्छापत्राला (लिव्हिंग विल) मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गोव्यात मे 2024 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र करून सुरुवात केली.

रात्री अडीच वाजता काचेबाहेर उभी असलेली भावंडे मी रोज बघते. एक म्हणतो लावा, एक म्हणते नको, आणि दोघेही बाबांवरच्या मायेपोटीच भांडत असतात. ते बाबांनी आधी सांगून ठेवलेले असले की त्यांना त्या रात्री एकमेकांचा हात धरता येतो.

म्हार्दोळची_लेक

महिन्याभराने लिहिते आहे. चार दिवसांची रजा काढून घरी आले.

दादाला 60 लाखांचा हिशेब कागदावर काढून दाखवला. तो आधी गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे मृत्युपत्रात घर माझेच राहील?" मी हो म्हटले. तो उठून बाहेर गेला आणि वहिनीने सांगितले की गेले वर्षभर त्याला रात्रीची झोप नाही. बाबा गेल्यावर आम्ही दोघी बोली लावू, ही भीती त्याने तिलाच काय ती बोलून दाखवली होती. आम्हा बहिणींना त्याची कल्पनाही नव्हती. गिफ्टचा विषय त्याने स्वतःच सोडला.

फोंड्याच्या वकीलबाईंनी दोन्ही मसुदे केले आहेत. बाबांच्या मसुद्यात आईची विहिरीकडची खोली आहे. धाकटीचे ठाण्याचे आहे. आईचा आग्रह होता की वहिनीचे नावही कुठेतरी यावे, तर आईच्या पाटल्या तिच्या नावाने लिहिल्या. वहिनी हे ऐकून चुलीपाशीच बसून रडली.

ट्रंक उघडली. तीन सकाळी बाबांबरोबर बसले. पहिल्या दिवशी त्यांनी सात कागद ओळखले, दुसऱ्या दिवशी चार. एका पिवळ्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, हा माझ्या आजाने बांध घातला तेव्हाचा. मग तोच कागद पुन्हा हातात घेऊन मला विचारले, हा कशाचा? मी पाठीमागे लिहिले होते, तेच वाचून दाखवले.

इच्छापत्राचे अजून विचारले नाही. धीर झाला नाही, खरे सांगते. विचारणार आहे.

बुधवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे. साक्षीला बाबांचे शाळेतले दोन सहकारी येतील, त्यातले एक बाबांपेक्षा तीन वर्षांनी मोठे. काका, त्यांच्या वयाचा काही अडथळा येणार नाही ना?

डिचोलीचा_कारकून

वयाचा नाही. शुद्धीवर असले, सही करता आली आणि ओळखपत्र बरोबर असले की पुरे. तरी इतक्या वयाला ऐनवेळी ताप-खोकला होतो, म्हणून तिसऱ्या एकाला सांगून ठेव. बाबांची औषधाची वेळ साडेदहाच्या आत बसते का तेवढे बघ, आणि आईला पुढच्या खुर्चीवर बसव.